दोन पट्ट्यांच्या मधला सूर

१९८७ च्या डिसेंबरात गाझामध्ये ठिणगी पडली आणि बघता बघता वेस्ट बँकही पेटली. इस्रायली लष्करी अमलाविरुद्धचा तो पहिला इंतिफादा. त्या दिवसांत जेरुसलेममधल्या एका घरात रियाद अव्वाद हा वादक बहिणींना सोबत घेऊन दिवाणखान्यातच गाणी ध्वनिमुद्रित करत होता. तो इलेक्ट्रॉनिक्सचा जाणकार होता, काही यंत्रं त्यानं स्वतःच जुळवली होती. चाली अरबी, शब्द रस्त्यावरच्या उठावाचे आणि साथीला सिंथेसायझर. कॅसेटच्या तीनेक हजार प्रती निघाल्या, बहुतेक सैन्यानं जप्त केल्या आणि अव्वादला अटक झाली. पुढे गाणी विसरली गेली. जेनिनमधून लंडनला गेलेला अभिनेता मोमिन स्वैतात याला जेनिनमधल्याच एका जुन्या कॅसेट कंपनीच्या साठ्यात ही टेप सापडली. २०२१ मध्ये त्याच्या ‘मजाझ प्रोजेक्ट’नं ती पुन्हा प्रसिद्ध केली.

पॅलेस्टिनी फ्यूजन संगीताबद्दल लिहिताना ‘दोन संस्कृतींना जोडणारा पूल’ हे शब्द हमखास येतात. महोत्सवांच्या पत्रकांत येतात, परीक्षणांत येतात. पण हा पूल कुठून निघतो आणि कुठे पोचतो, हे सहसा कुणी विचारत नाही. अव्वादच्या गाण्यांत सिंथेसायझर होता तो लंडन-पॅरिसच्या श्रोत्यांसाठी नव्हता. शेजारच्या गल्लीतल्या, पलीकडच्या गावातल्या, तपासणी नाक्यापल्याडच्या आपल्याच माणसांपर्यंत पोचायचं होतं. मला हीच या संगीताची खरी किल्ली वाटते. हा पूल आधी पॅलेस्टिनी माणसाला पॅलेस्टिनी माणसाशी जोडतो, आणि तो तिथे पक्का झाला की मगच त्यावरून बाकीचं जग ये-जा करू शकतं.

याचं कारण इतिहासात आहे. १९४८ च्या युद्धात सात लाखांहून अधिक पॅलेस्टिनींना घरदार सोडावं लागलं. आज हा समाज वेस्ट बँक, गाझा, इस्रायलच्या हद्दीतली गावं, जॉर्डन, सीरिया, लेबनॉन इथल्या निर्वासित छावण्या आणि युरोप-अमेरिकेतली शहरं असा विखुरला आहे. प्रत्येकाची कागदपत्रं वेगळी. हैफाच्या माणसाकडे इस्रायली पासपोर्ट असतो, त्यामुळे त्याला बैरुतला जाता येत नाही. गाझाच्या माणसाला तर ऐंशीएक किलोमीटरवरच्या रामल्लालाही सहजी जाता येत नाही. एकाच आजीची नातवंडं चार देशांत वाढतात, चार तऱ्हांचं संगीत ऐकतात, आणि एकत्र वाजवायला बसतात तेव्हा जे निघतं ते मिश्रच असतं.

१९४८ पूर्वीही हे संगीत बंद दाराआडचं नव्हतं. वासिफ जौहरिय्ये हा १८९७ साली जन्मलेला, ऊद हे अरबी तंतुवाद्य वाजवणारा जेरुसलेमचा वादक. ऑटोमन काळापासून ब्रिटिश अमलाच्या अखेरीपर्यंतच्या आठवणी त्यानं सविस्तर लिहून ठेवल्या आहेत. तो ग्रीक ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन घरातला, तरी कुराण शिकलेला. त्याच्या आठवणींत मुस्लिम, ख्रिश्चन, ज्यू सगळ्यांच्या मैफली आहेत, कैरोहून आलेले गवई आहेत, फोनोग्राफची नवलाई आहे. ३० मार्च १९३६ रोजी ब्रिटिशांनी पॅलेस्टाइनचं रेडिओ केंद्र सुरू केलं. प्रक्षेपण रामल्लाहून व्हायचं, कार्यक्रम अरबी, हिब्रू आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत. त्या काळात किनाऱ्यावरच्या याफा, हैफा या शहरांत कैरोची तबकडी, तुर्की चाल आणि खेड्यातलं लग्नाचं गाणं शेजारी शेजारी नांदत होतं. १९४८ नं ती शहरी मैफल मोडली. उरली ती माणसाला सोबत नेता येतील अशी गाणी, म्हणजे मुख्यतः खेड्यातली.

त्या खेड्यातल्या संगीताचा प्राण म्हणजे दबके. हातात हात गुंफून, ओळीनं किंवा अर्धवर्तुळात, जमिनीवर पाय आपटत केलेलं हे नृत्य. मातीची धाबी असलेल्या घरांवर शेजारीपाजारी जमून माती तुडवून घट्ट करायचे, त्यातून हा नाच आला असं परंपरेनं सांगतात. २०२३ मध्ये युनेस्कोनं पॅलेस्टाइनच्या दबकेचा अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला. त्याची गंमत पायांत आहे. दबकेच्या नेहमीच्या प्रकारात पावलं सहा मोजांची असतात आणि तालवाद्यावरचा ठेका चार मात्रांचा. दोघं एकत्र निघतात, लगेच एकमेकांपासून सरकतात आणि बारा मात्रांनी पुन्हा समेवर भेटतात. नाचणाऱ्याला हे मोजावं लागत नाही, पायांना ठाऊक असतं. पण बाहेरून ऐकणाऱ्याला सतत वाटत राहतं की काहीतरी घसरतंय आणि तरी पडत नाही.

या नाचाला साथ असते मिजविझची. बोरूच्या दोन नळ्या एकमेकींना बांधलेल्या, दोन्हींच्या तोंडाशी कंप पावणारी जिभली, दोन्हींवर समोरासमोर भोकं. वादक एकाच बोटानं दोन्ही नळ्यांची भोकं झाकतो. नळ्या कधीच अगदी तंतोतंत सुरात नसतात, त्यामुळे आवाजात एक झणझणीत थरथर येते. वादक नाकानं श्वास घेत गालांतली हवा फुंकत राहतो, म्हणून सूर तुटत नाही. याच घराण्यातल्या यर्घुलमध्ये एक नळी लांब असते आणि ती एकच खालचा सूर धरून ठेवते. आपल्या डहाणू-जव्हारकडचा वारल्यांचा तारपा ज्यानं ऐकलाय त्याला हे ओळखीचं वाटेल. तिथेही दोन नळ्या, न तुटणारा श्वास आणि वादकाभोवती हात गुंफून फिरणारी माणसं आहेत.

बायकांची गाणी वेगळी. तरवीदा हा त्यांचा संथ, लांब आलापी घेणारा प्रकार. त्यातल्या काही गाण्यांत प्रत्येक शब्दात ‘ल’चे आवाज इतके मिसळलेले असतात की अनोळखी कानाला अर्थ लागत नाही. तुरुंगाच्या भिंतीबाहेर उभं राहून बायका अशी गाणी म्हणायच्या, आतल्या कैद्यांना निरोप पोचायचा आणि पहारेकऱ्यांना फक्त गाणं ऐकू यायचं, अशी आठवण पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. गेल्या काही वर्षांत तरुण गायिकांनी ही गाणी पुन्हा उचलली, कुणी पियानोवर, कुणी नुसत्या गळ्यांच्या थरांवर, आणि ती लाखो लोकांपर्यंत गेली.

आधुनिक मिश्रणाची पहिली पक्की पायरी मात्र १९८० मध्ये जेरुसलेममध्ये रचली गेली. सईद मुराद यांनी ‘सबरीन’ हा गट स्थापन केला. त्यांना कैरोची भरजरी वाद्यवृंदाची गाणी नको होती आणि नुसती घोषणांची गाणीही नको होती. अरबी कवींच्या मुक्तछंदातल्या कविता घ्यायच्या, ऊद, कानून, बुझुक या तंतुवाद्यांबरोबर जॅझ आणि ब्लूजची वळणं आणायची आणि दोन्हींना श्वास घ्यायला जागा ठेवायची, असा त्यांचा खटाटोप. गायिका कमिल्या जुब्रान गॅलिलीतल्या रामे गावच्या. वडील वाद्यं बनवणारे आणि संगीतशिक्षक. त्यांचा आवाज लाडिक नाही, कोरडा आहे, ताणून धरलेला आहे, आणि कवितेतल्या प्रत्येक शब्दाला वजन देतो. २००२ मध्ये त्या युरोपात गेल्या आणि स्विस ट्रम्पेटवादक वेर्नर हास्लर यांच्या इलेक्ट्रॉनिक आवाजांबरोबर गाऊ लागल्या. २०१० चा त्यांचा ‘वनब्नी’ हा अल्बम पहिल्यांदा ऐकताना जड जातो, पण सोडू नये.

आता या संगीतातल्या खऱ्या अडचणीकडे येऊ, कारण फ्यूजन तरतं की बुडतं ते इथेच ठरतं. अरबी संगीत मकामांवर उभं आहे. रागाप्रमाणेच मकाम म्हणजे नुसती स्वरांची शिडी नव्हे. कोणता स्वर कसा लागतो, कुठे थांबायचं, कुठून वळायचं, दुसऱ्या मकामात कसं शिरायचं आणि परत कसं यायचं, हे सगळं त्यात येतं. तालाशिवाय केलेल्या स्वरविस्ताराला तकासीम म्हणतात, आपल्या आलापाच्या जवळचा. काही मकाम आपल्या कानाला थेट ओळखीचे आहेत. हिजाझचं पूर्वांग म्हणजे भैरवाचं पूर्वांग, कोमल रिषभ आणि शुद्ध गंधार. कुर्दचे स्वर भैरवीचे. हे मकाम पेटीवर आणि पियानोवर वाजतात.

पण दबकेच्या गाण्यांत सर्रास येणारा बयाती वाजत नाही. बयातीचा षड्जानंतरचा स्वर कोमल आणि शुद्ध रिषभाच्या मध्ये कुठेतरी असतो. रास्तमध्ये गंधार आणि निषाद असे मधले असतात. पुस्तकात त्याला पाव स्वराचा फरक म्हणतात, पण तो अचूक मध्यावर नसतो. दमास्कसचा वादक तो जरा वेगळा लावतो, कैरोचा वेगळा. पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मध्ये जी फट आहे, नेमका तिथे हा सूर राहतो. १९३२ मध्ये कैरोला अरबी संगीताची मोठी परिषद भरली होती. बेला बार्टोक आणि पाउल हिंडेमिथ यांच्यासारखे युरोपीय संगीतकारही तिला हजर होते. हे मधले स्वर कसे मोजायचे आणि ते वाजवणारा पियानो अरबी संगीतात घ्यावा का, यावर तिथे जोरदार वाद झाले.

म्हणजे पॅलेस्टिनी वादक पाश्चात्त्य वाद्यांसोबत बसला की पहिला प्रश्न हाच: या स्वराचं काय करायचं? सोपी वाट अशी की फक्त हिजाझ आणि कुर्दमध्ये राहायचं, म्हणजे गिटार-पियानोला त्रास नाही. बाजारातलं पुष्कळसं ‘पौर्वात्य’ फ्यूजन असंच असतं, ढोलकाचा ठेका, हिजाझची एक लचक आणि त्यावर वाळवंटाचा फोटो. ऐकायला गोड, पण त्यात एका बाजूनं आपला अर्धा संसार दाराबाहेर ठेवून आत यायचं असतं. अवघड वाट म्हणजे तो सूर जसाच्या तसा ठेवायचा आणि बाकीच्यांनी त्याच्याभोवती आपली जागा शोधायची. माझ्या मते ज्यांनी ही अवघड वाट धरली त्यांचंच संगीत टिकलं आहे.

सायमन शाहीन हे त्यातलं मोठं नाव. १९५५ साली गॅलिलीतल्या तर्शिहा गावात जन्म, वडील हिकमत शाहीन संगीतशिक्षक. सायमन ऊद आणि व्हायोलिन दोन्ही लहानपणापासून वाजवतात. १९८० मध्ये ते न्यूयॉर्कला शिकायला गेले आणि तिथलेच झाले. ऊदला पडदे नसतात, व्हायोलिनलाही नसतात. बोट जिथे टेकेल तिथे सूर. त्यामुळे मधला स्वर त्यांच्या हातात कायम राहिला. १९९० च्या दशकात त्यांनी ‘कंतारा’ हा गट उभा केला, अरबी मकाम, जॅझ आणि लॅटिन ताल एकत्र आणणारा. २००१ चा ‘ब्लू फ्लेम’ हा त्याचा अल्बम. त्यात जॅझवाल्यांना स्वतःच्या चालीनं वाजवायची मोकळीक आहे, पण ऊद आणि व्हायोलिन आपलं उच्चारण सोडत नाहीत. १९९७ पासून त्यांनी अली जिहाद रेसी यांच्यासोबत मॅसॅच्युसेट्समध्ये अरबी संगीताचं उन्हाळी शिबिर चालवलं. तिथे अमेरिकी विद्यार्थी मकाम आणि त्यांतले मधले स्वर शिकत.

भारतीय श्रोत्यासाठी शाहीन यांचं सर्वांत जवळचं काम म्हणजे ‘सल्तना’. कॅलिफोर्नियातल्या वॉटर लिली अकूस्टिक्स या छोट्या कंपनीनं जयपूरचे विश्वमोहन भट्ट आणि शाहीन यांना समोरासमोर बसवलं. याच कंपनीनं त्याआधी भट्ट आणि राय कूडर यांचा ‘ए मीटिंग बाय द रिव्हर’ काढला होता, ज्याला ग्रॅमी मिळालं. ‘सल्तना’ला तेवढी प्रसिद्धी लाभली नाही, पण संगीत म्हणून मला तो जास्त भरीव वाटतो. कारण साधं आहे. मोहनवीणा ही तरफांच्या तारा बसवलेली गिटार, आणि तिच्या तारेवर लोखंडी कांडी सरकवत वाजवतात, त्यामुळे दोन पट्ट्यांच्या मधली सगळी वाट तिला खुली. ऊदला पडदा नाही, मोहनवीणेला पडद्याचं बंधन नाही. शाहीन एखादा मधला स्वर धरतात तेव्हा भट्ट त्याच्याकडे मींडेनं सरकत जातात, त्या स्वराला स्पर्श करतात आणि आपल्या रागाच्या अंगानं खाली येतात. कुणीच कुणासाठी स्वर घासून गुळगुळीत करत नाही. दोन्हीकडच्या आलापीला घाई नाही. ऊदचा आवाज लवकर विरतो म्हणून वादक तारेला नखीनं भरभर छेडत राहतो. मोहनवीणेचा सूर लांबतो आणि तरफा मागे गुणगुणत राहतात. या दोन स्वभावांतला फरक ऐकण्यातच सगळा आनंद आहे.

नाझरेथचे तीन जुब्रान बंधू वेगळ्या बाजूनं आले. समीर, विसाम आणि अदनान. घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या ऊद बनवायचं काम. वडील हातेम जुब्रान नामवंत कारागीर. थोरला समीर कैरोला शिकला. मधला विसाम इटलीत क्रेमोनाला गेला, जिथे स्ट्राडिव्हारीनं व्हायोलिनं घडवली, आणि तिथल्या शाळेत तंतुवाद्यं बनवण्याचं शिक्षण घेऊन आला. तिघांच्या हातातले ऊद त्याच्याच कार्यशाळेतले. ऊद हे मुळात एकट्याचं वाद्य किंवा वाद्यवृंदातलं एक. तीन ऊद एकमेकांशी बोलतायत ही कल्पनाच नवी होती. एक खालचा सूर धरतो, दुसरा तुकडे फेकतो, तिसरा त्यावर विस्तार करतो, आणि जागा सतत बदलतात. ‘रंदाना’ २००५ मध्ये आला, ‘मजाझ’ २००७ मध्ये. तालाला यूसुफ हबैश. कवी महमूद दरविश यांच्या काव्यवाचनाला समीर बरीच वर्षं साथ करत असे. ९ ऑगस्ट २००८ रोजी दरविश वारले आणि चाळिसाव्या दिवशी रामल्लामध्ये या तिघांनी त्यांच्या ध्वनिमुद्रित आवाजाभोवती ऊद वाजवले. कवीचा आवाज पुढे, वाद्यं थोडी मागे, आणि शब्द संपले की ऊदनं वाक्य पुढे न्यायचं. २०१८ च्या ‘द लाँग मार्च’मध्ये पिंक फ्लॉइडचे रॉजर वॉटर्स त्यांच्यासोबत आहेत. त्यातली एक रचना २०१४ मध्ये गाझाच्या किनाऱ्यावर खेळताना मारल्या गेलेल्या चार मुलांच्या स्मरणार्थ आहे.

हे झालं मैफलीचं संगीत. रस्त्यावरच्या तरुणांना वेगळं काही हवं होतं. इस्रायलमधल्या लोद शहरात तामेर नाफार, सुहेल नाफार आणि महमूद जरेरी यांच्या ‘दाम’नं नव्वदच्या दशकाच्या अखेरीस अरबी रॅप सुरू केलं, आणि ते हिब्रूतही रॅप करत, म्हणजे ज्यांच्याविषयी बोलायचं त्यांना थेट ऐकू जावं. २००८ च्या ‘स्लिंगशॉट हिप हॉप’ या माहितीपटात लोदची आणि गाझाची रॅपर मुलं एकमेकांना भेटायला धडपडताना दिसतात. तो पट पाहिला की सुरुवातीला म्हटलेली पुलाची गोष्ट वेगळी समजवावी लागत नाही.

आणि मग ‘फोर्टीसेव्हन सोल’. २०१३ मध्ये अम्मानमध्ये हे चौघे जमले. एल फराई हा अम्मानचा, झेड द पीपल वॉशिंग्टनमध्ये वाढलेला, एल जेहाझ गिटारवाला, आणि वला सबैत हैफाचा. सबैतचं घराणं मूळचं इक्रित गावचं. १९४८ च्या नोव्हेंबरात तिथल्या लोकांना दोन आठवड्यांसाठी बाहेर जा असं सांगितलं गेलं. पुढे न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला, तरी १९५१ च्या नाताळात सैन्यानं घरं उडवली, एक चर्च तेवढं राहिलं. अशा चार दिशांच्या चौघांनी आपल्या संगीताला ‘शामस्टेप’ असं नाव दिलं. ‘शाम’ म्हणजे सीरिया, लेबनॉन, जॉर्डन, पॅलेस्टाइन मिळून होणारा जुना प्रदेश. गटाच्या नावातले ४७ हे १९४७ सालचे, त्या प्रदेशात अजून माणसं इकडून तिकडे जात होती तेव्हाचे.

ते काय करतात ते नीट ऐकलं पाहिजे. पाया दबकेचा. वर खोल, छातीत घुमणारा इलेक्ट्रॉनिक बास. मिजविझची झणझणीत थरथर सिंथेसायझरमधून काढलेली. अरबी देशांसाठी कोर्ग आणि यामाहा असे कीबोर्ड बनवतात ज्यांत एक बटण दाबलं की हवी ती पट्टी पाव स्वरानं उतरते. लग्नाच्या मांडवातले वादक ते कित्येक वर्षं वापरत आलेत. मैफलवाल्यांनी नाक मुरडलेलं हे मांडवातलं वाद्य शामस्टेपच्या कामी आलं आणि बयातीचा तो मधला सूर थेट डान्स फ्लोअरवर पोचला. गाणी अरबीत आणि इंग्रजीत, विषय सीमेचे, पासपोर्टचे, रांगेत उभं राहण्याचे. लंडनला गेल्यावर ते पूर्व लंडनमधल्या बॅलफ्रन टॉवर या इमारतीत राहिले. त्या नावात त्यांना पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंना राष्ट्रीय घर देण्याचं वचन देणारा ब्रिटिशांचा १९१७ चा बाल्फोर जाहीरनामा ऐकू आला, आणि २०१८ च्या अल्बमचं नाव ‘बॅलफ्रन प्रॉमिस’ झालं. त्यांच्या कार्यक्रमांत अरब, इंग्रज, आफ्रिकी पोरं हात धरून सहा मोजांची पावलं टाकायला शिकतात. दोन मिनिटं चुकतात, मग जमतं.

आता ‘पूल’ या शब्दाच्या दुसऱ्या बाजूविषयी. १९९९ मध्ये पॅलेस्टिनी-अमेरिकी विचारवंत एडवर्ड सईद आणि संगीतसंचालक डॅनिएल बारेनबॉइम यांनी जर्मनीत वायमारला अरब आणि इस्रायली तरुण वादकांचा ‘वेस्ट-ईस्टर्न दिवाण’ हा वाद्यवृंद सुरू केला. २००५ मध्ये तो रामल्लामध्ये वाजला. जगानं त्याला पूल म्हणून डोक्यावर घेतलं. पण अनेक पॅलेस्टिनी संगीतकारांना त्यात खोट दिसली. सुरात वाजवणारे दोघे मंचावर समान असतात, मंचाबाहेर एकाला घरी जायला तपासणी नाका ओलांडावा लागतो आणि दुसऱ्याला नाही, हे वास्तव टाळ्यांत झाकलं जातं, असं त्यांचं म्हणणं. रामल्लाजवळच्या अल-अमरी छावणीतला रम्झी अबू रदवान आठ वर्षांचा असताना दगड फेकतानाच्या छायाचित्रानं जगाला माहीत झाला. पुढे तो व्हिओला शिकला, फ्रान्सला गेला आणि २००२ मध्ये त्यानं ‘अल कमंजाती’ ही संस्था काढली, छावणीतल्या मुलांना संगीत शिकवणारी. तोही काही वर्षं दिवाणमध्ये वाजवत होता, नंतर बाहेर पडला. मला त्याचं बाहेर पडणं आणि एडवर्ड सईद यांचं सुरू करणं, दोन्ही प्रामाणिक वाटतात. संगीतानं नाका हटत नाही. ते हटवल्याचा आव आणणाऱ्या कार्यक्रमाबद्दल राग येणं साहजिक आहे. शाहीन, जुब्रान, फोर्टीसेव्हन सोल यांच्या मिश्रणात असा आव नाही. तिथे समोरच्याला आधी ऐकावं लागतं की हा कुठून आलाय आणि त्याच्या घराचं काय झालं.

नाझरेथच्या रीम बन्ना यांनी हे फार जवळून दाखवलं. मॉस्कोत शिकलेल्या, विसरली जात असलेली मुलांची आणि बायकांची गाणी गोळा करून नव्यानं गाणाऱ्या या गायिकेनं नॉर्वेच्या वादकांसोबत पुष्कळ काम केलं. कर्करोगानं आवाज जवळजवळ गेला तेव्हाही त्या थांबल्या नाहीत. स्वतःच्या वैद्यकीय तपासण्यांतल्या प्रतिमांचं ध्वनीत रूपांतर करून, त्यावर नॉर्वेचे पियानोवादक बुगे वेसेलटॉफ्ट यांच्यासोबत शेवटचा अल्बम बांधला गेला. २४ मार्च २०१८ रोजी त्या गेल्या, अल्बम नंतर आला.

गाझात संगीतशिक्षक अहमद अबू अमशा यांनी २०२५ मध्ये तंबूंतल्या मुलांना घेऊन केलेला प्रयोग याच जातीचा. डोक्यावर चोवीस तास घोंघावणाऱ्या लष्करी ड्रोनला गाझात ‘झन्नाना’ म्हणतात. मुलं त्या आवाजानं गांगरून जायची. अबू अमशांनी त्यांना सांगितलं की तो सूर ऐका आणि त्यालाच षड्ज धरून गा. त्या चित्रफितींत यंत्राचा घोंघाट खालून चालू आहे आणि त्याच पट्टीत मुलांचे गळे लागलेले आहेत. मला याविषयी अधिक काही लिहिता येत नाही.

नव्या पिढीची नावं आता मोठ्या मंचांवर आहेत. नाझरेथमध्ये जन्मलेली एल्याना २०२३ मध्ये अमेरिकेतल्या कोचेला महोत्सवात पूर्ण कार्यक्रम अरबीत करणारी पहिली कलाकार ठरली. सबरीनच्या सईद मुराद यांचा मुलगा बशर मुराद २०२४ मध्ये आइसलंडच्या राष्ट्रीय गीतस्पर्धेत दुसरा आला. सेंट लेवांतचं बालपण गाझात गेलं, तो अरबी, फ्रेंच, इंग्रजी एकाच कडव्यात गुंफतो. त्याच्या २०२४ च्या अल्बमचं नाव ‘देरा’. त्याच्या वास्तुशिल्पी वडिलांनी गाझाच्या समुद्रकाठी बांधलेल्या, युद्धात उद्ध्वस्त झालेल्या हॉटेलचं ते नाव. याच वडिलांच्या, रशीद अब्देलहमीद यांच्या, पुढाकारानं ‘इलेक्ट्रोस्टीन’ हा प्रकल्प झाला. अल-बीरेच्या पॉप्युलर आर्ट सेंटरनं गावोगाव फिरून ध्वनिमुद्रित केलेली लोकगीतं त्यात तरुण इलेक्ट्रॉनिक संगीतकारांच्या हाती देण्यात आली. गावातल्या म्हाताऱ्यांचे गळे आणि तरुणांचे संगणक.

ज्याला ऐकायचंय त्यानं ‘सल्तना’पासून सुरुवात करावी. मोहनवीणेचा हात धरून ऊदपर्यंत जाणं आपल्याला सोपं पडतं. मग जुब्रान बंधूंचा ‘मजाझ’, रात्री, हेडफोन लावून, कारण तीन ऊदांतला कोणता कुठे आहे हे तेव्हाच कळतं. सबरीनसाठी शब्दांचा अर्थ आधी शोधून ठेवावा, नाहीतर कमिल्यांच्या गाण्यातला ताण उगाच वाटतो. रामे गावचाच पियानोवादक फरज सुलेमान याचा ‘बेटर दॅन बर्लिन’ ऐकताना लक्ष ठेवावं की पियानोवर तो मधला सूर नसताना तो हैफाची भाषा आणि लय यांच्या जोरावर अरबी बाज कसा उभा करतो. फोर्टीसेव्हन सोल सगळ्यांत शेवटी, चारचौघं जमलेले असताना, आवाज मोठा ठेवून आणि उभं राहून.